चेनचा ट्रॅक्टर पुन्हा उभा करताना: वाचकांचे प्रश्न

बांधबंदिस्ती, सपाटीकरण आणि खोल नांगरटीच्या कामावर आलेले, चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांच्या साखळीवर चालणारे चेनचे ट्रॅक्टर सोलापूर जिल्ह्यातल्या वस्त्यांवर, जुन्या वर्कशॉपच्या मागे, कारखान्यांच्या यार्डात अजून दिसतात. ते पुन्हा चालू करू पाहणाऱ्यांचे आणि त्यांचा इतिहास शोधणाऱ्यांचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: मळ्यात बाभळीखाली आजोबांच्या काळातला पिवळा चेनचा ट्रॅक्टर उभा आहे. सरकारी लिलावात घेतला एवढंच घरात माहीत आहे. नावाची पट्टी नाही, बॉनेट नाही. कंपनी आणि साल कसं काढायचं? (शेतकरी, मंगळवेढा)

आधी वायर ब्रश, प्रेशर वॉशर आणि ग्राइंडर लांब ठेवा. ओळख सांगणाऱ्या बऱ्याच खुणा चिखलाच्या आणि रंगाच्या थराखाली असतात आणि एका दुपारच्या साफसफाईत त्या कायमच्या जातात. चारही बाजूंनी, खालून आणि वरून फोटो काढा, मगच हात लावा.

पहिली खूण म्हणजे इंजिन चालू करण्याची पद्धत. मोठ्या डिझेल इंजिनला लागून दोन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन असेल तर बहुधा कॅटरपिलर. या छोट्या इंजिनला सगळे पोनी म्हणतात. एकाच इंजिनवर डिझेलचा पंपही आहे आणि शिवाय कार्बुरेटर, स्पार्क प्लग, मॅग्नेटोही आहे असं दिसलं तर इंटरनॅशनलच्या टीडी मालिकेतला. बाजूला मोठा ब्लोअर असलेलं टू-स्ट्रोक डिझेल असेल तर अॅलिस-चामर्सचा विचार करा. त्यात एचडी-५ ला दोन सिलिंडर, एचडी-७ ला तीन, एचडी-१० ला चार आणि एचडी-१४ ला सहा असतात. पोनी दिसतेय पण ओतीव भागांवर रशियन लिपीतली अक्षरं आहेत, तर तो सोव्हिएत एस-८० किंवा एस-१०० असू शकतो. नुसता पिवळा रंग पाहून अमेरिकन समजू नका. भारत अर्थ मूव्हर्स ही कंपनी १९६४ साली सुरू झाली आणि तिने कोमात्सूच्या परवान्यावर बनवलेले डोझरही पिवळेच आहेत.

कॅटरपिलर निघाला तर नंबर दोन ठिकाणी शोधा: इंजिन ब्लॉकवरच्या पट्टीवर आणि मागच्या गिअर केसवर थेट ठोकलेला. पट्टी चोरीला जाते, केसवरचा नंबर जात नाही. तो ग्रीस आणि मातीच्या खरपुडीखाली असतो. लाकडी पट्टीने खरवडा, रॉकेलच्या बोळ्याने पुसा आणि टॉर्च तिरपा धरून वाचा. अक्षरं अंधुक असतील तर त्यावर खडू घासून हलकेच पुसा, खाचेत खडू राहतो. नंबराच्या सुरुवातीला आकडा आणि अक्षर असतं, तेच मॉडेल आणि काळ सांगतं. डी-२ मध्ये ३जे आणि ५जे हे १९३८ ते १९४७ चे, ४यू आणि ५यू हे १९४७ ते १९५७ चे. डी-४ मध्ये ६यू आणि ७यू, डी-६ मध्ये ८यू आणि ९यू हे १९४७ नंतरचे. डी-७ मध्ये ७एम युद्धकाळातला आणि ३टी १९४४ पासून पुढचा.

हा नंबर दोन चेनमधल्या अंतराशी ताडून पाहा. एका चेनच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत टेप लावा. ४यू असेल तर ४० इंच, ५यू असेल तर ५० इंच. ६यू ला ४४, ७यू ला ६०. अंतर जुळलं नाही तर नंबर चुकीचा वाचला आहे किंवा दोन यंत्रं जोडून एक केलेलं आहे. इंजिनावरचा आणि केसवरचा नंबर वेगळा निघाला तर इंजिन बदललेलं आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त नोंद करून ठेवा.

ओतीव भागांवर उठावाने आलेले नंबर हे त्या सुट्या भागाचे नंबर असतात, ट्रॅक्टरचे नव्हेत. यावरून साल काढायला गेलेले बरेच जण फसतात.

आता रंग. बॉनेट नसलं तरी फेंडरच्या आत किंवा सीटखाली जुना रंग टिकलेला असतो. तिथे ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून रुपयाएवढ्या जागेवर गोल घासा. थर एकाखाली एक वर्तुळासारखे उघडतील. पिवळ्याखाली लष्करी हिरवा निघाला तर यंत्र युद्धातल्या शिलकीतून आलेलं असण्याची शक्यता मोठी. लार्सन अँड टुब्रोने १९४५ मध्ये कॅटरपिलरशी विक्रीचा करार केला. युद्ध संपल्यावर शिलकीतली यंत्रं स्वस्तात मिळू लागली आणि त्या व्यवहाराला भांडवल लागलं, म्हणून ७ फेब्रुवारी १९४६ रोजी ती प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. हिरवा थर नसेल आणि नंबर यू मालिकेतला असेल, तर यंत्र स्वातंत्र्यानंतर नवं आलेलं असण्याकडे कल ठेवा. जुन्या पिवळ्या रंगात शिसं असतं. कोरडं घासू नका, मास्क लावा, आणि घासलेला चोथा गोठ्याजवळ टाकू नका.

प्रश्न: डी-४ चं इंजिन वीसेक वर्षांपासून जाम आहे. गावातले म्हणतात, गिअरमध्ये टाकून जेसीबीने ओढा, सुटेल. ओढू का? (वाचक, बार्शी तालुका)

ओढू नका. जेसीबीच्या जोरापुढे पिस्टनची गंजलेली रिंग सुटत नाही, तुटते. तिचा तुकडा लायनर (सिलिंडरची आतली नळी) चिरत जातो किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. सुटणारं इंजिनसुद्धा असं ओढून भंगारात गेलेलं आहे.

इंजिनच जाम आहे का, हे आधी ठरवा. मुख्य क्लच सोडा. पोनीची पिनियन (लहान दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून राहिली आहे का ते पाहा. पोनी जाम असेल आणि पिनियन आत असेल तर चांगलं डिझेल इंजिनही हलत नाही. मग सम्पचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) बोल्ट सावकाश ढिला करा आणि खाली पारदर्शक डबा धरा. आधी पाणी आलं तर किती आलं ते मापा. थोडं पाणी हे दमटपणाचं असू शकतं, दोन-चार लिटर पाणी म्हणजे एक्झॉस्टच्या पाइपातून पाऊस आत गेला आहे, लायनरच्या तळाची रबरी पॅकिंग गेली आहे किंवा हेड गॅस्केट फुटलं आहे.

रॉकर कव्हर उघडा. एकेका व्हॉल्व्हवर लाकडी ठोकळा ठेवून हलका ठोका मारा. खाली जाऊन लगेच वर आला तर ठीक. खालीच राहिला किंवा हललाच नाही तर गाइडमध्ये अडकला आहे. अशा वेळी इंजिन फिरवलं तर पुशरॉड वाकतो, म्हणून व्हॉल्व्ह मोकळे झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

नंतर नोझल काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण १०० मिली मिश्रण सोडा: निम्मं पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते एटीएफ तेल, निम्मं अॅसिटोन. अॅसिटोन पेट घेतं, तेव्हा जवळ विडी-काडी, वेल्डिंग काही नको. अॅसिटोन उडून जातं आणि तेल मुरायला वेळ लागतो. दर दोन-तीन दिवसांनी थोडी भर घाला आणि किमान दोन आठवडे घाई करू नका. मग फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार अडकवून आधी उलट, मग सुलट, बोटभरच हलवा. हललं तर त्याच दिवशी पूर्ण फेरा मारायचा मोह टाळा. पुढे-मागे करत रोज थोडं वाढवा. फिरता फिरता एके ठिकाणी टणक अडलं तर तिथे जोर न लावता पुन्हा व्हॉल्व्ह तपासा.

तरीही हललं नाही तर हेड उतरवावं लागेल, आणि ते चेन कुप्पीनेच (वजन उचलायच्या साखळीच्या कप्पीने) उतरवा. इंजिन बंद पडलं तेव्हा ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यात गंजाचं कडं दिसेल. होन करून (आतून दगडाने घासून) पाहा. रिंग जिथून फिरते त्या भागात खड्ड्यात नख अडकत असेल तर लायनर बदला. तयार मिळाला नाही तर कोल्हापूरच्या फाउंड्रीत सेंट्रिफ्यूगल कास्टिंगची नळी घेऊन इथल्या लेथवर उतरवता येते. पण जुना लायनर काढण्याआधी त्याची कॉलर ब्लॉकच्या पृष्ठभागावर किती हजारांश इंच वर आहे ते डायल गेजने मापून लिहा. ती उंची चुकली तर नवं हेड गॅस्केट टिकत नाही.

सुरू करण्याआधीची तपासणी सगळ्यात महत्त्वाची आहे. इंधन पंपाची रॅक, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारी सरकती दांडी, मोकळी आहे का पाहा. गव्हर्नरची कडी सोडून रॅक बोटाने सरकली पाहिजे. प्लंजर अडकलेला असेल आणि रॅक पूर्ण इंधनाच्या जागी जाम असेल, तर इंजिन चालू होताच वेग वाढवत जातं आणि थ्रॉटल ओढून थांबत नाही. अशा इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडने ब्लॉक फोडला की दुरुस्ती संपली. पहिल्या स्टार्टला एअर क्लीनर काढून ठेवा आणि हवेच्या तोंडावर दाबून धरता येईल अशी जाड फळी घेऊन एक माणूस तिथेच उभा करा. तळहात किंवा फडकं लावू नये, आत ओढलं जातं. कॅटरपिलरच्या पंपात प्रत्येक सिलिंडरचा पंप सुटा निघतो. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालू नका, ती जोडी एकत्र घासून बसवलेली असते.

प्रश्न: पोनी चालू होते, पण तिच्या ऑइलला पेट्रोलचा वास येतो आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. (ट्रॅक्टर मेकॅनिक, अकलूज)

कार्बुरेटरची सुई बसत नाही. इंजिन बंद असताना टाकीतलं पेट्रोल उघड्या इनटेक व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून पोनीच्या सम्पमध्ये उतरतं. पातळ झालेल्या ऑइलवर पोनी चालवली की बेअरिंग जातं, आणि सम्पमधल्या वाफेला ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. आहे ते ऑइल आधी काढून टाका.

सुई आणि सीट बदला, फ्लोट हलवून पाहा. जुने फ्लोट बुचाच्या लाकडाचे आणि वर लाखेचा लेप दिलेले असतात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जे आपल्या जिल्ह्यातले साखर कारखानेही बनवतात. ते हा लेप विरघळवतं. लेप गेला की फ्लोट पेट्रोल पितो, जड होऊन खाली बसतो आणि सुई उघडीच राहते. पितळी पत्र्याचा फ्लोट करून घ्या, वजन जुन्या कोरड्या फ्लोटएवढंच ठेवा. साध्या रबराच्या नळ्या काढून इथेनॉल चालणाऱ्या नळ्या घाला.

आणि सवय बदला. पोनी बंद करताना स्विच मारू नका. टाकीचा कॉक बंद करून कार्बुरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू द्या, ती आपोआप थांबेल. इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून टाकीतही महिनोन्‌महिने ठेवू नका.

पोनीवर डिझेल इंजिन फिरवताना लगेच इंधन देण्याची घाईही नको. पोनीचं आणि डिझेलचं पाणी एकच असतं आणि पोनीचा गरम धूर डिझेलच्या इनटेक मॅनिफोल्डला तापवतो. डिकॉम्प्रेशन लिव्हर उघडी ठेवून ऑइलचा दाब काट्यावर येईपर्यंत फिरवा, मग कॉम्प्रेशन द्या, थोडं फिरू द्या आणि शेवटी इंधन. दोरीने पोनी ओढताना दोरी मनगटाला गुंडाळणाऱ्यांनी ती सवय आजच सोडावी. मॅग्नेटोचं टायमिंग पुढे असलं तर पोनी उलटा झटका देते आणि हात मोडतो.

प्रश्न: आमचं लेथचं वर्कशॉप आहे. एका गिऱ्हाइकाच्या चेनचे पिन-बुश फिरवायचे आहेत. घरगुती प्रेसवर होईल का? आयडलर मागे सरकत नाही, तो गॅस कटरने सोडवावा का? (वर्कशॉपवाले, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी, कारण त्यात जीव जातो. आयडलरच्या, म्हणजे चेनच्या पुढच्या चाकाच्या, मागे धक्का झेलणारी रिकॉइल स्प्रिंग असते. ती एका लांब बोल्टने कित्येक टनांच्या दाबाखाली आवळून ठेवलेली असते. तो बोल्ट, त्याचं नट किंवा स्प्रिंगची टोपी गॅसने कापली की स्प्रिंग तोफगोळ्यासारखी बाहेर येते. जवळपास गॅस लावायचा नाही, तापवायचंही नाही. गंजलेला बोल्ट पिचला आहे का ते दुरून पाहा. पिचलेला वाटला तर काम थांबवा आणि अशी स्प्रिंग दाबून धरणारी खास चौकट असलेल्या डोझर वर्कशॉपकडे पाठवा. आयडलरचा योक गंजाने अडकला असेल तर पेनिट्रेटिंग ऑइल, लाकडी ठोकळा आणि वेळ एवढंच वापरा.

आता चेन. कड्या जोडते ती पिन आणि तिच्यावरची नळी तो बुश. फिरवण्याची वेळ झाली आहे का ते मापून ठरवा. चेन ताणून चार कड्यांचं अंतर घ्या, एका पिनच्या कडेपासून चार कड्या सोडून पुढच्या पिनच्या त्याच बाजूच्या कडेपर्यंत. ६.७५ इंच पिचची चेन असेल तर नवी असताना हे अंतर २७ इंच. ते साडेसत्तावीसच्या आसपास गेलं की पिन-बुश १८० अंश फिरवावेत, म्हणजे न झिजलेली बाजू कामाला येते. त्यापुढे जाऊ दिलं तर बुशची कडक झालेली कातडी संपते, मऊ पोलाद लागतं आणि बुश चिरतो. चिरलेला बुश फिरवून उपयोग नाही. मास्टर पिनजवळ (चेन उघडताना काढतात ती पिन) मापू नका, तिथली झीज वेगळी असते.

प्रेस १०० टनाच्या घरातला लागेल, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कडी सरळ धरणारं फिक्स्चर. फिक्स्चर नसेल तर पिन तिरपी जाते आणि कडीचं भोक ओरबाडलं जातं. त्या भोकाची पकड हीच चेनची ताकद. कडी गॅसने तापवून पिन काढायची पद्धत सर्रास आहे. ती चुकीची आहे, कारण त्यात भोक सैल होतं, बुशचं टेम्परिंग जातं आणि थोड्याच दिवसांत पिन बाजूला चालत येते. प्रत्येक कडीवर क्रमांक मारून त्याच क्रमाने परत जोडा.

चेन उघडताना मास्टर पिन पुढच्या आयडलरच्या समोर, मध्यावर आणा. ताण पूर्ण ढिला करा. खालच्या प्लेटखाली ठोकळा लावा, कारण एका बाजूची चेन काही क्विंटल भरते आणि सुटली की पायावर येते. पिनवर थेट घण मारू नका, कडक पोलादाची कपची डोळ्यात जाते. मऊ पोलादाचा ड्रिफ्ट धरा, चष्मा लावा, आणि पिनच्या समोर कुणाला उभं राहू देऊ नका.

नव्या किंवा फिरवलेल्या चेनला जुनं, हुकासारखं झिजलेलं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) लावलं तर ते बुश पुन्हा खाऊन टाकतं. ताण देताना आयडलर आणि वरच्या रोलरवर सरळ पट्टी ठेवून मधला झोल मापा. डी-२, डी-४ सारख्या लहान यंत्रांना इंच ते दीड इंच झोल लागतो. काळ्या रानात पावसाळ्यात चिखल स्प्रॉकेटच्या दात्यांच्या मुळाशी भरतो आणि चेन आपोआप कडक होते, म्हणून ताण चिखल असतानाच मापायचा आणि संध्याकाळी फावड्याने सगळं मोकळं करायचं. वाळलेला आपला चिखल रोलर फिरू देत नाही. न फिरणारा रोलर एका बाजूने सपाट होतो.

प्रश्न: उजवी लिव्हर ओढली तरी ट्रॅक्टर वळत नाही, सरळच जातो. (शेतकरी, पंढरपूर तालुका)

प्रत्येक चेनला स्वतःचा स्टिअरिंग क्लच असतो आणि लिव्हर ओढली की तो सुटतो. उजव्या क्लचच्या प्लेटा बहुधा गंजून एकमेकींना चिकटल्या आहेत. आधी लिव्हरचा खेळ पाहा. वरच्या टोकाला साधारण ३ इंच मोकळी हालचाल आणि मग वजन लागलं पाहिजे. खालच्या कड्या आणि पिना गंजून अडकल्या असतील तर क्लच सुटतच नाही आणि दोष प्लेटांवर येतो.

क्लचच्या कप्प्याखालचा बोल्ट काढा. या जुन्या यंत्रांचे क्लच कोरडे असतात, त्यातून तेल येता कामा नये. तेल आलं तर बेव्हल गिअरकडचं सील गेलं आहे. पाणी आलं तर वरून पाऊस शिरतो आहे. तपासणीच्या झाकणातून पेनिट्रेटिंग ऑइल प्लेटांवर सोडा, लिव्हर पूर्ण ओढून दोरीने बांधून ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी मोकळ्या रानात, पहिल्या गिअरमध्ये, लिव्हर बांधलेलीच ठेवून यंत्र चालवा आणि उजवा ब्रेक थोडा थोडा दाबा. ब्रेक ड्रमला धरतो, इंजिन आतल्या बाजूला फिरवायला बघतं आणि प्लेटा सुटतात. सुटल्यावर कप्पा रॉकेलने धुऊन पूर्ण निथळू द्या, नाहीतर क्लच घसरेल.

चार-पाच वेळा करून सुटलं नाही तर सीट, टाकी, वरची झाकणं उतरवून पॅक बाहेर काढावा लागेल. प्लेटा तर साफ कराच, पण ड्रमच्या खाचांत दात्यांनी पाडलेल्या पायऱ्याही कानशीने सपाट करा. त्या पायऱ्यांवर प्लेट अडकते आणि नवी फेसिंग लावूनही लिव्हर जड राहते. पावसाळ्यात यंत्र उभं करताना दोन्ही लिव्हर मागे बांधून ठेवल्या, म्हणजे प्लेटा सुट्या राहतात आणि हा प्रश्नच येत नाही.

प्रश्न: इंटरनॅशनल टीडी-९ पेट्रोलवर छान चालतो. डिझेलवर टाकला की पांढरा धूर आणि एक सिलिंडर मरतं. हेड गेलं का? (वाचक, करमाळा)

गेलं असेलच असं नाही. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला एक जास्तीचा स्टार्टिंग व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की कॉम्प्रेशन कमी होतं आणि इंजिन पेट्रोलवर चालतं, बंद झाला की डिझेलचं पूर्ण कॉम्प्रेशन मिळतं. तो नीट बंद झाला नाही तर नेमकं तुम्ही लिहिलं तसं होतं. कव्हर उघडून त्याचा क्लिअरन्स आणि सीट पाहा, काजळीचा खडा अडकलेला असतो. मग त्या सिलिंडरचं नोझल दुसऱ्यात टाकून बघा. दोष नोझलबरोबर फिरला तर नोझल बदला.

रेडिएटरचं झाकण काढून बुडबुडे येत असतील किंवा ऑइल चहासारखं झालं असेल तर मात्र हेड. या हेडची ओळखीची दुखरी जागा म्हणजे स्टार्टिंग व्हॉल्व्ह आणि शेजारच्या व्हॉल्व्ह सीटमधली बारीक भिंत. तिथे गाळ साचला की पाणी पोचत नाही, भिंत तापते, आणि तापलेल्या इंजिनात कुणी विहिरीचं गार पाणी ओतलं की तडा जातो. पेट्रोलवर एखाद्या मिनिटापेक्षा जास्त चालवत ठेवणंही हेच करतं.

हेड उतरवून तडे दाखवणारा डाय पेनिट्रंटचा लाल रंग मारून पाहा, मग पाण्याची वाट बंद करून गरम पाण्याने दाबचाचणी घ्या. काही तडे गार हेडमध्ये दिसतच नाहीत. बाहेरच्या जॅकेटवरचा तडा मेटल स्टिचिंगने, म्हणजे धातूच्या पिनांनी शिवून, चांगला बसतो. सीटमधला तडा खोलून, एकमेकांवर चढणारे प्लग घालून नवी सीट बसवावी लागते. साध्या वेल्डिंगने शेजारी दुसरा तडा जातो. वेल्डिंगच करायचं ठरलं तर पूर्ण हेड भट्टीत तापवून, आणि नंतर राखेत पुरून सावकाश थंड करणाऱ्याकडेच द्या.

प्रश्न: बोअरच्या पाण्याने रेडिएटर आणि ब्लॉकमध्ये पांढरी पापडी धरली आहे. अॅसिड घालू का? (वाचक, मोहोळ)

बाथरूम धुण्याचं अॅसिड नको, ते सोल्डर आणि लोखंड दोन्ही खातं. थर्मोस्टॅट काढा. दर लिटर पाण्याला ५० ग्रॅम सायट्रिक अॅसिड घाला, तासभर कोमट चालवा, गरम असतानाच काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी एकदा फिरवून पुन्हा धुवा. नंतर डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी आणि कूलंट. आरओचं पाणी एकटं घालू नका, गंज धरतो.

प्रश्न: पूर्ण रंगवावा की आहे तसा ठेवावा? (वाचक, सोलापूर शहर)

मूळ रंग निम्म्याहून जास्त टिकला असेल तर ठेवा. सैल गंज काढा, पातळ तेलाचा हात मारा, पत्र्याच्या आतल्या बाजूंना प्राइमर द्या. तो रंग पुन्हा मिळत नाही, नवा केव्हाही मारता येतो. रंगवायचाच असेल तर काळाला धरून रंगवा. कॅटरपिलर १९३१ च्या अखेरीपर्यंत करडे असत, तेव्हापासून पिवळे झाले, आणि १९७९ मध्ये ती पिवळी छटाही बदलली. आज दुकानात डोझरचा म्हणून मिळणारा पिवळा १९४८ च्या यंत्रावर चुकीचा दिसतो. जुन्या रंगाचा पॉलिश केलेला तुकडा घेऊन छटा मिळवून घ्या. अॅलिस-चामर्सचा नारिंगी असतो. लष्करी खुणा, पांढरे आकडे सापडले तर रंगवण्याआधी त्यांचा टेपसह फोटो घ्या आणि ट्रेसिंग पेपरवर उतरवून ठेवा.

प्रश्न: जिल्ह्यात चेनचे ट्रॅक्टर कधी आणि कशासाठी आले, यावर प्रकल्प करायचा आहे. कुठून सुरुवात करू? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, सोलापूर)

कामापासून सुरुवात करा, कंपनीपासून नको. इथे तीन वेगळी कामं होती आणि तिन्हींचे कागद वेगळ्या ठिकाणी आहेत.

पहिलं, जमीन सुधारणा. १९४२ चा मुंबई राज्याचा लँड इम्प्रूव्हमेंट स्कीम्स अॅक्ट हा बांधबंदिस्तीचा कायदेशीर पाया. त्याखालच्या योजनांची कागदपत्रं कृषी आणि महसूल खात्याच्या दप्तरांत, आणि मुंबई-पुण्याच्या राज्य पुराभिलेखागारांत शोधा. कुंदा आणि हरळी या चिवट गवतांच्या रानांची खोल नांगरट यातच पाहावी लागेल. देशपातळीवरचा संदर्भ म्हणून केंद्र सरकारच्या सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशनबद्दल वाचा. १९४९ मध्ये जागतिक बँकेने शेतीयंत्रांसाठी दिलेल्या १ कोटी डॉलरच्या कर्जातून तिच्यासाठी मोठे ट्रॅक्टर आले. पण ते मुख्यतः मध्य भारतातल्या कांस गवताच्या जमिनींसाठी होते, ते थेट सोलापूरला जोडू नका.

दुसरं, उसाचे मळे. माळीनगर, श्रीपूर आणि शेजारच्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ही सहकारी चळवळीच्या आधीची साखर केंद्रं. त्यांच्या वार्षिक अहवालांत यंत्रांची खरेदी आणि घसारा दिलेला असतो. घसाऱ्याच्या तक्त्यातून खरेदीचं साल अचूक निघतं. जुन्या फोटोंत वाफेवरची नांगराची इंजिनं दिसली तर ती वेगळी ठेवा. शेताच्या दोन टोकांना एकेक इंजिन उभं राहून तारेच्या दोराने नांगर ओढायचं, आणि त्यांना चेन नसते, लोखंडी चाकं असतात.

तिसरं, पाटबंधारे, म्हणजे उजनी आणि इतर धरणं-कालवे. इथली यंत्रं नंतर लिलावात निघाली आणि शेतकऱ्यांकडे आली. लिलावाच्या यादीत बहुधा मॉडेल आणि नंबर दोन्ही असतात. मंगळवेढ्याच्या वाचकाला सांगितलेला केसवरचा नंबर अशा यादीशी जुळला तर त्या यंत्राचा पूर्ण प्रवास हाती लागतो.

आकड्यांसाठी सोलापूर जिल्ह्याचं १९७७ चं गॅझेटिअर आणि पंचवार्षिक पशुगणना पाहा. पशुगणनेत अवजारं आणि ट्रॅक्टरही मोजले जात. त्यात चाकांचे आणि चेनचे एकत्र आहेत का हे तळटिपेत तपासल्याशिवाय आकडा वापरू नका. जुन्या ड्रायव्हरांना साल विचारू नका, ते कुणालाच नक्की आठवत नाही. "चालू कसा करायचा?", "लिव्हर होत्या की पेडल?", "पातं तारेवर चालायचं की तेलावर?" असं विचारा. यावरून मॉडेल ठरतं, मॉडेलवरून काळ.

प्रश्न: दुरुस्त केलेला डी-२ सोलापुरात गड्ड्याच्या (सिद्धेश्वर) यात्रेत प्रदर्शनाला आणायचा आहे. गावापासून चालवत आणला तर? आणि लोबेडवर (बुटक्या ट्रेलरवर) चढवताना काय बघायचं? (शेतकरी, दक्षिण सोलापूर)

चालवत आणू नका. ग्राउझर (चेनच्या प्लेटांवरच्या उभ्या पट्ट्या) डांबर उखडतात, आणि कडक रस्त्यावर सलग चालून रोलर-बुशची जितकी झीज होते तितकी रानात कित्येक दिवसांतही होत नाही. डी-२ साधारण ३ टनांचा, डी-४ साधारण ५, डी-७ तर ११-१२ टनांचा. त्या हिशेबाने गाडी ठरवा आणि आधी वजनकाट्यावर नेऊन आणा.

लोखंडी रॅम्पवर लोखंडी चेन घसरते, विशेषतः सकाळच्या दवात. रॅम्पवर जुन्या टायरच्या पट्ट्या किंवा लाकडी स्लीपर टाका. रॅम्पच्या आधीच यंत्र सरळ रेषेत आणा, पहिला गिअर टाका आणि चढताना लिव्हरला हात लावू नका. चढाच्या टोकाला यंत्राचा तोल बदलतो आणि पुढचा भाग आपटतो, तिथे थ्रॉटल कमी करून सावकाश उतरू द्या. शेजारी कुणी चालू नये, दिशा दाखवणारा समोर, लांब उभा राहावा.

उतरवताना एक गोष्ट नव्या ड्रायव्हरला आधीच सपाट जागेवर समजावून द्या. उतारावर यंत्राचं वजनच त्याला पुढे ढकलत असतं आणि इंजिन त्याला रोखून धरत असतं. अशा वेळी उजवी लिव्हर ओढली तर उजवी चेन मोकळी सुटून जोरात धावते आणि ट्रॅक्टर डावीकडे वळतो. सपाटीवरच्या सवयीने वळवायला गेलेला माणूस रॅम्पच्या बाहेर जातो. म्हणून उतरताना लिव्हर न ओढता, पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाच्या रोधावरच खाली यायचं. वळवण्याची अगदीच वेळ आली तर आधी पूर्ण थांबा, चेनखाली ठोकळे लावा आणि यंत्र मागे चढवून पुन्हा सरळ करा.